दार मीच अडवलं होतं

मंगळवारी चाकणला आमच्या कंपनीत एक भारी गोष्ट घडली. भारी म्हणजे माझीच चांगली जिरली... पण कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय!

चौतिसाव्या वर्षी मी एलएलबीला ॲडमिशन घेतलीय, हे तुम्हाला माहीत आहेच. दिवसा फर्स्ट शिफ्टला क्वालिटी इन्स्पेक्टर, संध्याकाळी निगडीतल्या घरी तोंड धुवायचं आणि कॉलेज गाठायचं. सध्या सरांनी अपकृत्यांचा कायदा घेतलाय आणि मी अक्षरशः येडी झालेय.

म्हणजे बघा ना... कुणी जाणूनबुजून तुमच्या अंगाला हात लावला, हात उगारून घाबरवलं, न विचारता तुमच्या जागेत घुसलं, तर तुम्ही स्वतः दिवाणी कोर्टात जाऊन भरपाई मागू शकता. याला म्हणायचं हेतुपुरस्सर अपकृत्य. आणि गंमत अशी की समोरच्याच्या मनात पाप असायलाच हवं असं नाही, कृती मुद्दाम केलेली असली की झालं!

तेव्हापासून मला जिथेतिथे अपकृत्यंच दिसतात. सकाळी उठवायला नवऱ्याने पांघरूण ओढलं तरी मी दावा लावायची धमकी देते. तो म्हणतो, आधी पास तर हो, वकीलबाई.

सोमवारी सरांनी बेकायदा अडवणूक शिकवली. त्या नोट्सचा एक कागद मी मंगळवारी कामावर नेला आणि गेजच्या बोर्डावर मॅग्नेटने लावून टाकला. येताजाता वाचता येईल म्हणून... हुशारी!

हा बोर्ड म्हणजे पार्टची मापं तपासायचे बारा गेज टांगायची जागा. शिफ्ट सुटताना मी बारा मोजायचे आणि रजिस्टरवर सही करायची. त्या दिवशी मोजले तर अकराच. परत मोजले, तरी अकरा. आणि दुसऱ्या दिवशी कस्टमरचं ऑडिट!

माझं डोकंच फिरलं. लाइनवरच्या सहाजणी पर्स घेऊन निघाल्या होत्या. आमच्या असेंब्ली रूमला दार एकच... मी जाऊन त्या दारात उभी राहिले आणि सांगितलं, गेज सापडल्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही. वर म्हटलं, पर्स उघडा.

मग कविता पुढे आली. ती बीडकडची, कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहते, आठ महिन्यांची मुलगी सासूपाशी ठेवून कामाला येते. "मॅडम, बस जाईल ओ. लेकरू उपाशी बसलंय, वरचं दूध घेत नाही ते..."

मी म्हटलं, पाच मिनिटं थांब. तिने पर्स छातीशी घट्ट धरली होती. मला वाटलं, काहीतरी लपवतेय. खरंच वाटलं मला तसं, खोटं कशाला बोलू. मग ती पर्स उघडायला तिने हात खाली घेतला आणि दिसलं, युनिफॉर्म पुढून ओला झाला होता... दुधाने.

मला मान वर करून तिच्याकडे बघवेना. नजर चुकवायला बोर्डाकडे पाहिलं, तर समोर माझाच कागद, माझंच अक्षर. 'कुलूप लागत नाही. हात लावावा लागत नाही. जायची वाट मुद्दाम बंद केली, की पुरे. थोडा वेळ असली तरी.'

अंगावर काटा आला हो! दोन आठवडे मी जगभरातली अपकृत्यं शोधत फिरत होते आणि सरांनी सांगितलेलं उदाहरण जसंच्या तसं मी स्वतः दारात उभी राहून करत होते.

बाजूला झाले आणि दार सताड उघडलं. म्हटलं, चुकले मी, तुम्हाला असं अडवायचा मला काही हक्क नाही, पळा, बस पकडा. गेज अजून बेपत्ता होता, सही माझी होती... पण कविता धावत जाताना बघून आधी हायसं वाटलं.

मग शोधायला लागले. बोर्डावरचा कागद काढला... आणि खाली बाराव्या गेजच्या जागेवर लाल टॅग. 'कॅलिब्रेशनला पाठवला.' खाली सही माझी! सकाळी गेज अचूक आहेत का ते तपासणाऱ्या लॅबचा माणूस आला तेव्हा मीच गेज दिला, मीच टॅग लावला आणि त्यावर मीच कायदा चिकटवला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सगळं कबूल केलं. वर हेही सांगितलं, की काल तुम्ही सहाजणी माझ्यावर दावा लावू शकत होता.

त्यांच्यातल्याच, मूळच्या कुरुळीच्या हिराबाई मावशी डबा बाजूला सारून म्हणाल्या, "मंग लावू की! पर वकील कुठनं आणायचा? आमच्या वळखीची वकीलबी हीच हाय." कॅन्टीनमध्ये हसून हसून पुरेवाट झाली.

कविता मात्र हसली नाही. हळूच म्हणाली, "मॅडम, दार अडवलं त्याचं काही नाही. पण पर्स उघडा म्हणलात ना, ते लागलं बघा." मी परत माफी मागितली, एवढंच. मग तिने माझ्या डब्यात तिची शेंगदाण्याची चटणी वाढली.

शिफ्ट सुटली. ऑडिट नीट पार पडलं होतं. दार सताड उघडं ठेवून मी बोर्डासमोर मोजायला उभी राहिले, मागे वळून पाहिलं तर सहाच्या सहाजणी तिथेच! मी म्हटलं, अगं जा, बस जाईल. कविता म्हणाली, "मोजा मॅडम निवांत. आमच्या मर्जीनं थांबलोय."

अकरा गेज आणि एक लाल टॅग. मोजताना डोळ्यांत पाणी आलं, म्हणून दोनदा मोजावे लागले. संमती म्हणजे काय, हे आता मला परीक्षेत कुणीही विचारावं... थँक यू गं पोरींनो.