व्हॉल उघडणारा हात

निंबा पाटील गेल्याची वार्ता मला त्यांच्या कन्येने दूरध्वनीवरून दिली. ‘काका, पप्पा ऑफ थई गया,’ एवढेच ती म्हणाली. सुरतेत वाढलेली ही मुले दुःखाची बातमीही गुजरातीतच देतात. निंबाभाऊ झोपेतच गेले... त्याला आता दीड महिना होईल.

सुरतेतच पर्वत पाटिया भागात माझे अर्जलेखनाचे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु माझ्या मसुद्यावर वकिलांनीही सहसा बोट ठेवलेले नाही, हे नम्रपणे नमूद करतो. निंबाभाऊ मूळचे धुळ्याकडचे, राहायला कोसाडला, आणि एका डाईंग मिलच्या सांडपाणी विभागात कामाला. कापड रंगवून उरलेले पाणी टाकीत घ्यायचे, त्यात चुना घालायचा, गाळ तळाशी बसला की वरचे पाणी पुढच्या सामायिक शुद्धीकरण केंद्राकडे सोडायचे, हे त्यांचे काम. चुना किती लागेल ते पाण्याच्या रंगावरून सांगत. परंतु माल जास्त निघाला की टाकी अपुरी पडे; मग साहेबांच्या हुकमाने मागचा व्हॉल, म्हणजे पाइपाची झडप, उघडून ते पाणी तसेच खाडीत सोडले जाई.

या खाडीबद्दल रहिवाशांचे तीन अर्ज मी पूर्वी लिहिले होते. भाषा जोरकस होती. उत्तर आले नाही... मग एके दुपारी निंबाभाऊ स्वतःच तक्रार द्यायला आले. मी अर्ज गुजरातीत लिहिला आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवला.

‘भाऊ, मी सांगेल ते कोठे गयं?’ त्यांनी मध्येच विचारले.

त्यांचे वाक्य होते, ‘हा व्हॉल मी माझ्या हाताने उघडतो.’ मी ‘व्हॉल उघडण्यात येतो’ असे लिहिले होते. अर्जदाराने स्वतःला अडकवायचे नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. ‘निंबाभाऊ, नोकरी जाईल. उलट तुम्हालाच धरतील,’ मी समजावले.

‘मंग काय व्हॉल भूत फिरावस का?’ ते हसले. ‘सायेबनं सांगं, मी फिरावा. दोन्ही लिखा. नई ते कागद फाडी टाका, मी दुसराकडे जास.’

माझा मसुदा फाडायला आजवर कोणी सांगितले नव्हते. राग आला. तरी वाक्य घातले, आणि त्यांनी मराठीत सही केली.

काही दिवसांतच प्रदूषण मंडळाचे अधिकारी आले ते थेट त्या व्हॉलपाशी. माझ्या आधीच्या अर्जांत तो कोठे आहे आणि कोण उघडतो, हे नव्हतेच. तेथे केवळ ‘अज्ञात इसम’ होते. व्हॉलला सील लागले. निंबाभाऊंना त्याच आठवड्यात कामावरून काढले, आणि कारण म्हणून त्यांचेच वाक्य दाखवले. नंतर ते इच्छापोरला एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते. भेटले तेव्हा मला दोष दिला नाही. श्रेयही दिले नाही. करमते का, एवढे मी विचारले.

‘पानी नई दिसस, भाऊ,’ ते म्हणाले.

अर्ज वाचून दाखवताना हल्ली मी विचारतो, यात तुमच्या हाताने काय झाले? अनेकांना ते रुचत नाही. काही जण उठून शेजारच्या टेबलाकडे जातात. परवा एक मुकादम आला होता. पडलेल्या भिंतीची तक्रार, सगळा दोष ठेकेदाराचा. प्रश्न ऐकून त्याने शेजारच्या टेबलाकडे पाहिले. मी पेन खाली ठेवले नाही.

‘लिहा,’ तो शेवटी म्हणाला. ‘सिमेंट कमी टाकायला मीच सांगितलं...’