फाटका भाता

"हळू, सर. लेकरू झोपल्यावानी धरा सूर," म्हणत आमचे टेलर मास्तर पेटीवर बोटं ठेवायचे. कुरुंद्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. पाच वेळचे नमाजी, पण दर गुरुवारी सायंकाळी देवळाच्या ओट्यावर आमच्या भजनी मंडळाची पेटी तेच वाजवत. मी शाळेत शिक्षक, मंडळात टाळकरी.

गावात कुणाकडे मयत झालं की मास्तर मशीन थांबवून तिथं जाऊन बसत. गेलेल्या माणसावर दोन ओळी रचत, हलक्या आवाजात म्हणत. माझ्या आईच्या वेळी त्यांनी म्हटलं, "चुलीपुढचा पाट रिकामा, भाकरीला अजून तिची ऊब." तोवर मला रडू आलं नव्हतं. जवळच्या लमाणांच्या तांड्यावर एका म्हातारीचा मुलगा गेला, तेव्हा ते सायकलवर तिथंही गेले होते.

ब्याण्णव संपता संपता देशातलं वारं फिरलं आणि आमच्या ओट्यापर्यंत आलं. मंडळाचे प्रमुख म्हणाले, "मास्तर आता नको. सर, तुमीच सांगा त्यायला."

खरं सांगायची माझी छाती झाली नाही. म्हणालो, "मास्तर, पेटीचा भाता फाटलाय. भजन सध्या बंद."

"मंग आणा की दुकानात. शिवून देतो."

"नांदेडला पाठवली."

त्या गुरुवारी आम्ही भजनाला बसलो. पेटीवर दुसराच होता. समोरच्या रस्त्यावर मास्तर उभे दिसले. अभंग संपेपर्यंत थांबले, मग निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकानावरून जाताना त्यांनीच हाक मारली. "सर, भाता चांगला शिवलाय. कुठंच हवा सुटून न्हाई राहिली."

काही वर्षांनी त्यांची बायको वारली. मंडळातले आम्ही चौघे गेलो आणि लिंबाखाली नुसते उभे राहिलो. तांड्यावरची ती म्हातारी मात्र थेट अंगणात जाऊन बसली आणि तिच्या बोलीत गाऊन रडू लागली. शब्द आम्हाला कळत नव्हते. मास्तर उंबऱ्यात बसून ऐकत होते.

निघताना मला म्हणाले, "तुमी मिट्टीला आलात सर, तेवढं बस झालं." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पुढं ते वसमतला लेकीकडे गेले. त्यांच्या दुकानात मोबाईलवाला आला. मास्तर वारल्याचं आम्हाला कळलं, तेव्हा त्यांचा चाळिसावाही होऊन गेला होता. त्या गुरुवारी ओट्यावर कुणीच त्यांचं नाव काढलं नाही. मीही नाही.