सोनाळा–वरवट लाइन

दोन गावं जोडणं हे माणसाच्या हातून घडणारं सर्वांत थोर काम आहे. मी ते खामगावच्या कॉलेजात, खुर्चीत बसून, सात-आठ कमांडमध्ये केलं आहे.

आमच्या लॅबच्या दारावर भलीमोठी पितळी पाटी होती. आत लिनक्स चालणारी मशीनं मोजकीच. दोघांत एक मिळे. म्हणून एकाच मशीनच्या पोटात एकमेकांना न दिसणारी दोन नेटवर्कं करायची, आणि त्यांच्यात एक आभासी वायर टाकायची: एक टोक इकडे, एक तिकडे. अशा वेगळ्या केलेल्या नेटवर्कला नेमस्पेस म्हणतात. मी सोनाळ्याचा, मशीनवरची जोडीदारीण वरवट बकालची. दोन्ही नेटवर्कांना नावं द्यायला वेळ लागला नाही.

मागच्या वेळी ती याच प्रॅक्टिकलला नापास झाली होती. नागपूरची नोकरी हातात होती, पण हा विषय सुटला तरच. परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक, स्वागताचा हार गळ्यात तसाच ठेवून, आमच्या मागे उभे राहिले.

"वरवटहून सोनाळ्याला पिंग करा."

तिनं केलं, म्हणजे तिकडे 'आहेस का?' अशी हाक पाठवली. उत्तर नाही. पुन्हा केलं. नाही.

"काय बे," ती पुटपुटली, "तुह्या गावची लाइट गेली काय?"

"आमची काऊन जाईन? तुह्यं टोक पाह्य."

"पाह्यलं. ते चालू हाये, पण लिंक नाही दाखवून राह्यलं. तुह्यंच बंद असन."

माझंच होतं. पत्ता दिला होता, टोक चालू करायचं विसरलो होतो. एक ओळ टाकली आणि सोनाळ्यानं उत्तर दिलं.

"कसं ओळखलंत?" परीक्षकांनी तिला विचारलं.

"एक टोक बंद असलं की दुसऱ्याला लिंक मिळत नाही, सर," ती एकदम पुस्तकी मराठीत म्हणाली.

सरांनी मान हलवली, वाकून टेबलाखाली पाहिलं आणि पुढे गेले.

आता पुण्यात माझ्या सर्व्हरवर अशी शेकडो नेटवर्कं आपोआप बनतात, मिटतात. नावं म्हणजे नुसती अक्षरं-आकड्यांची रांग. कुणीही कुठल्या गावचं नाही. एखादं अडलं की माझ्या तोंडून अजून निघतं, "लाइट गेली काय?" शेजारचे दचकून छताकडे पाहतात.

ती पास झाली, नागपूरला गेली. आम्हा दोघांचा एक-एक मार्क मात्र कापला होता. शेरा होता: वायर जोडलेली आढळली नाही.