वामनरावांचे स्वतःचे नकाशे

आर्णीच्या बसस्टँडसमोरच्या टायपिंगच्या दुकानात बबिता आडे अर्ज, बायोडाटा, लग्नपत्रिका आणि श्रद्धांजली असं सगळं एकाच खुर्चीत बसून टाईप करते. माणसांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नाही. दिवसभर लोकांचे बायोडाटे टाईप करणाऱ्या बाईचं ते चांगलं राहणार तरी कसं?

तिचा नवरा खेमसिंग क्रूझर चालवतो. तांड्यातली, आर्णीतली माणसं भरून तिरुपती, श्रीशैलम, द्वारका असे लांबचे दौरे करतो. रस्त्याच्या मोजणीला आलेल्या एका साहेबानं जाताना त्याला हातात धरायचं जीपीएस यंत्र बक्षीस दिलं होतं. खेमसिंगनं ते वर्षभर गाडीच्या खणात ठेवलं. त्यावर तो तंबाखूची पुडी ठेवायचा.

मग श्रीशैलमच्या घाटात मोबाईलची रेंज गेली आणि अकरा भाविकांना घेऊन खेमसिंग चार तास एकाच डोंगराभोवती फिरला. घरी येऊन हे त्यानं मोठ्या पराक्रमासारखं सांगितलं.

"अन् ते यंत्र कायले हाय?" बबितानं विचारलं.

"त्यात नकाशे हायेत म्हणे."

"म्हणे? वर्सभर खणात ठेवलं, एक डाव उघडून नाही पाह्यलं?"

तिनंच उघडलं. साहेबानं त्यात अख्खा देश कोंबून ठेवला होता, तोही तीनदा. एकावर एक नकाशे चालू, त्यामुळे एकच रस्ता तीन ठिकाणी दिसायचा आणि यंत्र सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. इंजिनिअर म्हणवणाऱ्या माणसाची ही शिस्त पाहून बबितानं कपाळावर हात मारला आणि यंत्रातलं मेमरी कार्ड पूर्ण रिकामं केलं.

दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती इंटरनेटवरून फुकटचे नकाशे उतरवू लागली. ज्या दौऱ्याला जी राज्यं लागतात तेवढीच कार्डात, बाकीची काँप्युटरवर. प्रत्येक दौऱ्याचं वेगळं फोल्डर. खेमसिंग परतला की हातपाय धुवायच्या आधी त्याची तपासणी व्हायची.

"कर्नूलच्या पुढं पंप होता?"

"असंन."

"असंन म्हंजे? डोये उघडे होते का बंद?"

हळूहळू तो नीट सांगू लागला. पंप, धाबा, बायकांना उतरता येईल असा संडास, रात्री गाडी नेऊ नये असा तुकडा, सगळं ती नकाशावर टाकायची. यंत्राला मराठी अक्षरं कळत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, आणि लिहायची ते मनातलं. चार वर्षांत नऊ राज्यं तयार झाली. ती स्वतः मात्र नागपूरच्या पलीकडे गेलेली नव्हती.

वामनराव हे आर्णीतले यात्रा कंपनीवाले. पांढरी सफारी, गळ्यात चष्मा, आणि पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला रस्ता दाखवायची हौस. आधीच्या दोन तिरुपती दौऱ्यांसारखीच रामेश्वरच्या दौऱ्यालाही त्यांनी आपल्या दोन गाड्यांसोबत खेमसिंगची क्रूझर घेतली. मदुराईच्या लॉजवर "पाहून देतो" म्हणून यंत्रातलं कार्ड मागितलं आणि सकाळी परत केलं. भोळ्या खेमसिंगला त्यात काही वाटलं नाही.

दोन महिन्यांनी वामनराव माहितीपत्रक टाईप करायला दुकानात आले. टाईप कोण करतं आहे याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी सांगितलं, "लिहा. वामनराव यांनी स्वतः चार वर्षे देशभर फिरून तयार केलेले डिजिटल नकाशे."

बबिताची बोटं थांबली. "भाऊ, चार वर्सं तुमी कवा फिरले?"

"टाईप कर ना बाई. तुले काय समजते त्यातलं?"

तिनं टाईप केलं. शुद्धलेखनाच्या दोन चुकाही सुधारून दिल्या.

पुढच्या रविवारी व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात वामनरावांचा सत्कार ठरला. प्रोजेक्टर दुकानातूनच जाणार होता, म्हणजे तो चालवायला बबिताच. शाल खांद्यावर घेऊन वामनराव आपण खाल्लेल्या खस्ता सांगू लागले. समोर दीडशे माणसं. पडद्यावर त्यांनीच आणून दिलेल्या कार्डातला, लाल ठिपक्यांनी भरलेला दक्षिण भारत.

"हे सारे ठिपके म्हंजे माही मेहनत," ते म्हणाले. "बाई, जरा मोठं करून दाखवा."

बबितानं सांगितल्याप्रमाणे मोठं केलं. ठिपक्यांशेजारी नावं उमटली. पुढच्या रांगेतल्या फकिरा सोनाराला इंग्रजी अक्षरं वाचायची सवय होती, तो मोठ्यानं वाचू लागला. "सांबार आंबट, उतरू नये. संडास बरा, बादली आपली न्यावी." लोक हसले. वामनरावही हसले. त्यांना वाटलं, आपला विनोद आवडला.

"इथं वामनरावनं रस्ता चुकवला," फकिरानं पुढे वाचलं. "इथं वामनरावनं पुन्हा चुकवला. इथं वामनराव रस्ता दाखवतो म्हणे, खेमसिंगनं आयकू नये."

सभागृहात हशा उसळला. वामनराव पडद्याकडे वळले. स्वतःचे म्हणवलेले नकाशे त्यांनी पहिल्यांदाच वाचले असावेत.

"हे कोणं लिवलं?" ते ओरडले.

"तुमीच ना भाऊ," बबिता म्हणाली. "चार वर्सं फिरून."

शाल खांद्यावर होतीच, नारळही त्यांना मिळालाच. मंडळानं छापून ठेवलेलं मानपत्र वाया कसं घालवायचं? पेपरात फोटोही आला. दुसऱ्या दिवशी ते दुकानात येऊन, "तेवढी नावं काढून दे," म्हणाले. माफीचा एक शब्द नाही. बबितानं सांगितलं, "तुमचेच नकाशे हायेत, तुमीच काढा." त्यांना ते येत नव्हतं. त्यांच्या गाड्या अजूनही मोबाईलवर चालतात आणि घाटात फिरत राहतात.

तांड्यातल्या बायकांनी मात्र ठरवलं, द्वारकेला जायचं तर खेमसिंगच्याच गाडीत आणि बबिता पुढच्या सीटवर. दुकानाच्या मालकानं आठ दिवस सुट्टी द्यायला कुरकुर केली. तिनं त्याला विचारलं, तुमाले स्वतःले टाईप येते का? मग सुट्टी मिळाली.

अकोला, जळगाव मागे पडलं. मांडीवर यंत्र घेऊन ती प्रत्येक पंप, प्रत्येक धाबा मोजत होती आणि बहुतेक सगळे जागेवर होते. तिला आतून इतकं बरं वाटत होतं की ते दिसू नये म्हणून ती मागच्या बायकांवर विनाकारण खेकसली. धुळ्याच्या पुढे अचानक चारपदरी नवा रस्ता लागला. यंत्रातला बाण रस्ता सोडून मोकळ्या जागेतून पळू लागला.

खेमसिंगला चार वर्षांची कसर काढायची होती. "बबे, तुया नकाशात तर आपण वावरातून चाललो. काहून वं?"

"नकाशा तीन वर्साचा हाय," ती यंत्रावरची नजर न काढता म्हणाली. "तुमी पन्नास वर्साचे हा. तुमाले तरी कुठं माईत होता हा रस्ता?"

मागच्या बायका खिदळल्या. खेमसिंगनं गिअर बदलला. बबितानं नव्या रस्त्याच्या तोंडाशी एक ठिपका टाकला आणि पुढचा फाटा शोधू लागली.