हिरवा धूर, पांढरा धूर

मंडळी, आपल्या ग्रुपवर तुम्ही मोबाईल गेमवरून काढलेल्या कॉमिक्स टाकता अन् मी त्यातल्या चित्रायतल्या चुका काढतो, हे तुम्हाले माहीतच आहे.

आज दुपारी घाटंजीले आपल्या ग्रुपातल्या रुखसानाच्या घरी गेलतो. तिच्या कॉमिकमधला हीरो विषारी धुरात शिरते. पण धूर तिनं पांढुरका रंगवला, अन् हीरोच्या तोंडावर मास्कच्या जागी नुसता फुलाफुलाचा दुपट्टा.

मी म्हटलं, "गेममध्ये धूर कसा हिरवा चमकते! हा त धुक्यावानी दिसते. भेव कायचं वाटंन?"

ब्रश धुता धुता ती म्हणाली, "दादा, अब्बू कपाशीवर औषध फवारून आलते, तवा शर्टावर असाच पांढरा थर होता. तोंडाले माझा दुपट्टा बांधला होता. दवाखान्यात नेलं, ते परत आलेच नाही."

मी ते पान पुन्हा पाह्यलं. हीरोचे हात आखूडच होते. दुपट्ट्यावरची बारीक फुलं मात्र तिनं एकाही चौकटीत चुकवली नव्हती.

बाकी सगळ्यायच्या कॉमिक्समध्ये धूर हिरवागार चमकून राह्यला. खरं सांगा, हिरवं विष तुमच्यापैकी कोणी पाह्यलं आहे काय?