लिंबांच्या वाट्याचं पाणी

ती तक्रार अजून माझ्या मनातून जात नाही. नोकरीत पाण्यावरून फुटलेली डोकी पाहिली, पंचनामे केले. पण हा तपास निवृत्तीनंतरचा, ओमानमधला, आणि अंगावर वर्दी नसताना केलेला.

शाळा मी सातवीतच सोडली. तरी खात्याने ड्रायव्हर म्हणून घेतलं आणि सहायक फौजदार करून घरी पाठवलं. पुढे सोहारजवळ एका अर्बाबने, म्हणजे मालकाने, कामगारांच्या कॅम्पवर सुरक्षेचं काम दिलं. या वयात कोण देतो? म्हणून त्याचा फोन वाजला की आजही उभा राहून घेतो.

त्या दिवशी तो स्वतःच आला. कॅम्पमागच्या गावात डोंगरातून दगडी पाट येतो, त्याला फलज म्हणतात. त्याचं पाणी बागांना पाळीने मिळतं. एका विधवेच्या पाळीचं पाणी कोणीतरी मध्येच फोडतंय आणि तिथे कॅम्पचा माणूस दिसलाय, अशी गावच्या शेखची तक्रार होती.

"अंकल, तुम पोलीस था ना? देखो," अर्बाब म्हणाला. "आदमी मिला तो उसका व्हिसा खलास. नहीं मिला तो शेख पुलिस बुलायेगा."

मेसमध्ये सगळ्यांनी एका बांगलादेशी झाडूवाल्याचं नाव घेतलं. तो पाटावर कपडे धुतो, एवढाच पुरावा. सगळी बोटं एकाच गरिबाकडे वळली की मी जागा बघायला जातो.

पाटावर प्रत्येक बागेचं तोंड दगड आणि चिंध्या घालून बंद केलेलं. फक्त वाळत चाललेल्या एका लिंबांच्या बागेचं तोंड फोडून परत गवत मळलेल्या चिखलाने बुजवलेलं, वर टाचेचा ठसा. असा पाट आम्ही कोकणात बांधतो. आणि कॅम्पवर कोकणातले दोघेच: मी, आणि मला भाऊ म्हणणारा, शुक्रवारी माशाचं कालवण खाऊ घालणारा गुहागरकडचा प्लंबर.

संध्याकाळी चहा घेऊन त्याच्या शेजारी बसलो.

"काय रे, पाट बांधायचा तर टाच मारायलाच लागते, नाय?"

"मग! हाताने थापलेला टिकतो काय?" बोलून गेला, आणि कप तोंडाशी तसाच राहिला. "भाऊ, चोरी नाय केली मी. त्या बागवाल्या म्हाताऱ्याची लिंबं वाळतायत आणि पाणी त्याच्याच बांधावरनं पुढे जातंय. रोज बघत बसतो बिचारा. शेजाऱ्यांनी खाल्लं त्याचं पाणी. त्याचं त्याला देत होतो."

"त्याला विचारलंस?"

"मला अरबी कुठे येते? तो कॉफी देतो, खजूर देतो, तेवढंच."

दडवलं तर माझी भाकरी जाणार, सांगितलं तर त्याची. म्हटलं, "पकडून नेलेला आणि आपण होऊन गेलेला, यात फरक असतो. चल, स्वतःच्या तोंडाने सांग."

शेखच्या बैठकीत तो बोलला आणि अर्बाबने अरबीत सांगितलं. तेव्हा कळलं, इथे जमीन वेगळी आणि पाणी वेगळं. म्हाताऱ्याने बायकोच्या आजारपणात पाण्याचा हिस्सा त्या विधवेच्या नवऱ्याला विकला होता. बाग राहिली, पाणी गेलं. आमच्याकडे वाडी ज्याची, पाटाची पाळी त्याची. प्लंबरला दुसरं सुचणार कसं?

"म्हणजे मी बाईमाणसाचं पाणी चोरलं?" तो खालीच बसला.

बैठकीत बसलेला म्हातारा उठून काहीतरी बोलला. अर्बाबने मला सांगितलं, "बोलता है, मैं रोज देखा, चुप बैठा. इसको भेजना है तो पहले मेरे को पकडो."

शेखने विधवेकडे माणूस पाठवला. उत्तर आलं: याने दर शुक्रवारी पाटातला गाळ काढावा, आणि माझ्या पाळीचं शेवटचं पाणी लिंबांना जाऊ द्यावं. अर्बाब प्लंबरला म्हणाला, "यल्ला, काम पे जाओ."

नोकरीभर आरोपीला विचारलं, का घेतलंस? आता वाटतं, त्याआधी विचारावं, कोणाचं समजून घेतलंस?

परवा म्हातारा गेटवर माझ्या टेबलावर लिंबं ठेवून गेला. सवयीने खुणेने विचारलं, कोणाची? त्याने विधवेच्या घराकडे बोट दाखवलं, मग प्लंबरच्या खोलीकडे, आणि शेवटी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.