सहा आठवडे, एक कंबर

कंबर धरलेली माणसं एका खोलीत जमली की किस्से साठायला वेळ लागत नाही. उठून पळता येत नाही ना कुणाला! सिडकोतल्या फिजिओथेरपी क्लिनिकच्या सकाळच्या बॅचमध्ये मी सहा आठवडे होतो. तेवढ्यात हे एवढे जमले.

आधी माझंच सांगतो. नळ आला त्या दिवशी भरलेला ड्रम एकट्यानं ओढला. शेजारी बघत होते ना! मणक्यातली गादी सरकली, डावा पाय बधिर. सर्जन म्हणाले, "सहा आठवडे व्यायाम करा. पायात फरक पडला नाही, तर ऑपरेशन." मी शाळामास्तर, रोज पोरांना 'घाबरू नका' सांगणारा. घरी येऊन रडलो, खोटं कशाला सांगू!

*

मी बायकोला म्हणालो, "फिजिओच्या मॅडमनी वाकायला मनाई केलीय."

ती म्हणाली, "म्हणजे पहिल्यासारखंच की!"

*

वैजापूरचे बळीराममामा धान्याच्या मोंढ्यात हमाल. मॅडमनी विचारलं, "पोती उचलून दुखलं का?"

"नाय मॅडम. पोतं गुडघं वाकवून, अंगाशी धरून उचलतो. ह्ये दुखणं मोबाइल उचलताना आलं!"

दुसऱ्या दिवसापासून वजन कसं उचलायचं, हे आम्हा शिकलेल्यांना मामा शिकवू लागले.

*

शेखचाचांचं खुलताबादला किराणा दुकान. दिवसभर बैठक. मॅडमचा हुकूम, "दर अर्ध्या तासाला उठून चाला." चाचा शिस्तीचे, गिऱ्हाईक असो-नसो, उठायचेच.

मी म्हटलं, "चाचा, गिऱ्हाईक जात नाही का?"

"जाता कहाँ? मेरे संगच चलता! भाव करते करते चौक तक जाते, चाय पीके वापस आते!"

*

सहा आठवडे संपले. सर्जननी डाव्या पायाच्या अंगठ्याला चिमटा काढला. मी केवढ्यानं तरी ओरडलो!

"दुखलं?"

"लई!"

"झकास! ऑपरेशनची गरज नाही."

चिमटा बसला म्हणून इतका आनंद झालेला माणूस मीच असेन. येताना रिक्षात एकटाच हसत होतो.

*

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन बॅचला गेलो. नेमक्या त्याच वेळी अजिंठ्याहून मॅडमच्या आई डबा घेऊन आल्या. बॅचमधले सगळे सतरंज्यांवर पाय वर करून पडलेले. म्हातारी बघतच राहिली.

"ह्या समद्यांची कंबर धरलीय व्हय? मंग एवढी कसरत कशापायी? अगं, तू पायाळू ना! जलमताना आधी पाय भायेर आलेली! गावात कुणाला उसण भरली की हिच्या लाथेसाठी दारात रांग लागायची. एक लाथ, की माणूस सरळ!"

"आई, गप बस!" मॅडम लालबुंद. 'लाथेनं कंबर बरी होत नसते, व्यायाम करा' म्हणून हीच बाई सहा आठवडे आम्हाला झापत होती.

मग बळीराममामा हळूच कुशीवर वळले आणि पालथे झाले. पाठोपाठ चाचा.

"बेटी, जरा हल्लू मारना."

बघता बघता अख्खी रांग पालथी!

माझं ऑपरेशन टळलं होतं. पाय ठणठणीत होता. मी पेढ्यांचा बॉक्स खिडकीत ठेवला आणि चाचांच्या शेजारी पालथा झालो.